कागद कोणता, हे संगणकाला आधी सांगा

आंबागडच्या शेतकऱ्याला सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा किंवा कोर्टातला एखादा कागद हवा असतो, तेव्हा तो छापून देणारा संगणक ग्रामपंचायतीत असतो, एखाद्या सेवा केंद्रात असतो, नाही तर तालुक्याला तुमसरला असतो. कागद हातात पडतो, तो घडी घालून खिशात जातो आणि पुढच्या टेबलावर उलगडल्यावर कळते की तळची ओळ अर्धी कापली गेली आहे. धान विकण्यासाठी नोंदणीची धावपळ सुरू असताना अशी एक जादा खेप म्हणजे बुडालेली मजुरी. प्रिंटर धड असतो, शाई असते, कागदही बरोबर असतो. फक्त संगणकाच्या समजुतीप्रमाणे ट्रेमध्ये अमेरिकी लेटर मापाचा कागद असतो आणि प्रत्यक्षात तिथे ए४ असतो.

लिनक्सवर ही गफलत शांतपणे बसून कायमची काढता येते. ती काढणे हे गावाच्या सेवेचेच काम आहे असे मी मानतो. म्हणून हा लेख ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांसाठी, केंद्रचालकांसाठी, शाळेतल्या संगणकाची जबाबदारी अंगावर घेतलेल्या शिक्षकांसाठी आणि वकिलांकडे टंकलेखन करणाऱ्यांसाठी आहे.

लिनक्स आपल्याकडे कुठे आहे, असे कोणी विचारील. देशातली जिल्हा आणि तालुका न्यायालये ई-कोर्ट्स प्रकल्पात उबुंटू वापरतात. त्या न्यायालयांतली खटल्यांच्या नोंदीची प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली सरकारी कार्यालयांसाठी काढली. शिवाय जुना संगणक चालता ठेवायचा म्हणून उबुंटू किंवा मिंट टाकलेली यंत्रे शाळांतून आणि दुकानांतून दिसतात. या सर्वांमध्ये कागदाचे माप ठरवण्याची पद्धत जवळपास एकच आहे.

आधी मापे

ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी. लेटर म्हणजे २१६ × २७९ मिमी. लेटर रुंदीला सहा मिमी जास्त आणि उंचीला अठरा मिमी कमी. नुकसान होते ते या अठरा मिमीत. पान क्रमांक, सहीची जागा, पडताळणीची ओळ या गोष्टी बहुधा तळाशीच असतात.

ए४ हे माप जर्मनीत १९२२ साली डिन ४७६ या मानकात आले आणि १९७५ साली आयएसओ २१६ म्हणून जगभर मान्य झाले. त्यातली लांबी-रुंदी अशी बांधली आहे की कागद मधोमध दुमडला तरी आकाराचे प्रमाण तेच राहते. त्यामुळे ए३ चे दोन ए४ होतात, ए४ चे दोन ए५ होतात आणि मजकूर लहान-मोठा करताना कडा कापल्या जात नाहीत. भारतीय मानक आयएस १०६४ मध्येही हीच मालिका आहे. अमेरिका आणि कॅनडा मात्र लेटरवर राहिले. बरेचसे सॉफ्टवेअर तिकडे जन्मलेले असल्याने कोणी काही सांगितले नाही, की ते लेटर धरून चालते.

तिसरे माप आपल्याकडचे, ते म्हणजे लीगल. अमेरिकी लीगल २१६ × ३५६ मिमी असतो. आपल्या बाजारात लीगल किंवा फुलस्केप म्हणून मिळणारे रिम पुष्कळदा २१५ × ३४५ मिमीचे असते. म्हणजे यादीतून ‘लीगल’ निवडले तरी संगणकाच्या हिशेबात कागद अकरा मिमीने लांब राहतो. रिमच्या वेष्टनावर मापे छापलेली असतात. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेष्टन फेकून दिले असेल तर पट्टी लावून मोजा.

माप कुठेकुठे ठरते

लिनक्सवर कागदाचे माप एका जागी ठरत नाही. प्रणालीच्या प्रादेशिक मांडणीत एक असते, कागदाच्या स्वतंत्र फाईलमध्ये दुसरे, प्रत्येक प्रिंटरच्या नोंदीत तिसरे, प्रत्येक वापरकर्त्याच्या आवडीनिवडीत चौथे आणि दस्तऐवजाच्या आत पाचवे. लोक एक जागा बदलतात, प्रिंट पुन्हा कापली जाते आणि लिनक्सला नावे ठेवतात. खालच्या थरापासून वर चढत गेलात तर हा त्रास होत नाही.

पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टंकायच्या. लहान की मोठी अक्षरे हे लिनक्सला महत्त्वाचे असते, म्हणून जिथे मोठी अक्षरे हवीत तिथे मी तसे सांगितले आहे. बाकी सारे लहान.

पहिला थर प्रादेशिक मांडणीचा. टर्मिनल उघडून ‘लोकेल’ लिहा (एल-ओ-सी-ए-एल-ई), एक जागा सोडा आणि ‘एलसी_पेपर’ हे मोठ्या अक्षरांत, मध्ये अधोरेघ देऊन लिहा. एंटर दाबल्यावर २९७ आणि २१० हे आकडे दिसले तर ए४ आहे. २७९ आणि २१६ दिसले तर लेटर. लेटर दिसण्याचे नेहमीचे कारण असे की प्रणाली बसवताना भाषा म्हणून ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ निवडली गेली. त्या निवडीबरोबर तारखेची मांडणी, मोजमापे आणि कागद हे सारे अमेरिकी होऊन येते, हे तिथे कोणी बजावत नाही.

इंग्रजी मेनू ठेवूनच हे बदलता येते. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘रिजन अँड लँग्वेज’ शोधा. तिथे ‘लँग्वेज’ आणि ‘फॉरमॅट्स’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा तशीच राहू द्या. फॉरमॅट्समध्ये भारत निवडा, मग ते भारत-इंग्रजी असो की भारत-मराठी, कागद दोन्हींत ए४ च येतो. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा आणि वरची आज्ञा परत देऊन आकडे बघा. आकडे बदलले नाहीत, तर ‘एलसी_ऑल’ नावाचे चल कोणीतरी कुठेतरी ठरवून ठेवले आहे. ते सर्वांवर मात करते. नुसते ‘लोकेल’ लिहून एंटर दाबले की पूर्ण यादी येते आणि शेवटच्या ओळीत एलसी_ऑलपुढे काही लिहिलेले आहे का ते दिसते. तिथे रिकामे असायला हवे.

एकाच यंत्रावर अनेकांची खाती असतील तर प्रत्येकाच्या सेटिंग्जमध्ये जाण्यापेक्षा संपूर्ण प्रणालीसाठी बदल करावा. डेबियन, उबुंटू, मिंट, बॉस या कुटुंबात त्यासाठी ‘अपडेट-लोकेल’ ही आज्ञा आहे. ती प्रशासकाच्या अधिकाराने, म्हणजे आधी ‘सुडो’ लावून द्यायची, पुढे मोठ्या अक्षरांत एलसी_पेपर, बरोबरचे चिन्ह आणि भारतीय इंग्रजीचा संकेत: लहान ‘ई-एन’, अधोरेघ, मोठे ‘आय-एन’.

दुसरा थर छोटा आहे. मूळ फोल्डरातल्या ‘इटीसी’ या फोल्डरात ‘पेपरसाइझ’ नावाची फाईल असते. डेबियन कुटुंबातले अनेक छपाई-कार्यक्रम लिबपेपर नावाच्या संग्रहाद्वारे ती वाचतात. त्या फाईलमध्ये लहान अक्षरांत ‘ए४’ एवढेच हवे. ‘लेटर’ असेल तर प्रशासक म्हणून फाईल उघडून बदला. काय धरले जात आहे ते तपासण्यासाठी जुन्या आवृत्त्यांत ‘पेपरकॉन्फ’ ही आज्ञा आहे, नव्यांत नुसती ‘पेपर’.

प्रिंटरची नोंद, जिथे बहुतेक अडतात

तिसरा थर सर्वांत महत्त्वाचा. लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर छपाईचे काम कप्स नावाची प्रणाली सांभाळते. तुम्ही प्रिंटर जोडता त्या क्षणी कप्स त्याची नोंद तयार करते आणि त्या वेळच्या मांडणीनुसार तिच्यात कागदाचे माप लिहून टाकते. मागाहून तुम्ही प्रदेश भारत केला तरी जुन्या नोंदीतले लेटर साधारणपणे तसेच राहते. ‘सगळीकडे ए४ केले, तरी प्रिंट कापली जाते’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा इथे सापडते.

ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम आणि ६३१ लिहा. कप्सचे पान उघडेल. ‘प्रिंटर्स’मध्ये जाऊन आपला प्रिंटर निवडा. तिथल्या दोन यादीपेट्यांपैकी ‘अॅडमिनिस्ट्रेशन’ या पेटीत ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’ आहे. ते निवडले की मीडिया साइझ किंवा पेज साइझ दिसेल. तिथे ए४ करून जतन करा. पासवर्ड विचारला तर प्रशासक खात्याचा द्या. टर्मिनलची सवय असेल तर ‘एलपीऑप्शन्स’ (एल-पी आणि ऑप्शन्स एकत्र), मग ‘-पी’, प्रिंटरचे नाव आणि ‘-एल’ असे लिहिल्यास सगळे पर्याय येतात. पेज साइझच्या ओळीत ज्या मापापुढे तारांकित खूण आहे, ते सध्याचे ठरलेले माप.

आता चौथा थर, ज्यामुळे एकाच टेबलावर एकाची प्रिंट नीट येते आणि दुसऱ्याची कापली जाते. प्रत्येक वापरकर्त्याच्या घर-फोल्डरात ‘कप्स’ नावाचे एक लपलेले फोल्डर असू शकते. त्यात एलपीऑप्शन्स नावाची फाईल असते आणि ती प्रिंटरच्या नोंदीवर मात करते. कोणीतरी कधीतरी एकदा लीगल छापले, निवड जतन झाली आणि पुढे त्या खात्यावरून प्रत्येक काम लीगल म्हणूनच जाऊ लागले, असे होते. फाइल्सच्या खिडकीत कंट्रोल आणि एच दाबले की लपलेली फोल्डरे दिसतात. ती फाईल उघडून बघा. कागदाची ओळ चुकीची असेल तर तेवढी काढा. प्रशासक म्हणून एलपीऑप्शन्सची आज्ञा दिली की तिची नोंद सर्वांसाठी होते, साध्या खात्यावरून दिली की फक्त त्या खात्यासाठी. केंद्रात तीन माणसे आळीपाळीने बसत असतील तर हा फरक ध्यानात ठेवाच.

ए४ आणि लीगल दोन्ही रोज लागत असतील, तर एकच छपाईयंत्र कप्समध्ये दोनदा जोडा. एका नोंदीचे नाव ‘ए४’, दुसरीचे ‘लीगल’, आणि प्रत्येकीत ते ते माप कायम करून ठेवा. गर्दीच्या वेळी माणूस पर्यायांच्या आत शिरत नाही, नाव बघून निवडतो. माझ्या मते सेवा केंद्रासाठी यापेक्षा उपयोगी सोय नाही. तुमचे लीगल २१५ × ३४५ मिमीचे असेल तर दुसऱ्या नोंदीत सानुकूल माप द्या. कप्सला ते असे कळते: मोठ्या सीने सुरू होणारे ‘कस्टम’, पूर्णविराम, रुंदी, लहान एक्स, उंची आणि ‘एमएम’, मध्ये कुठेही जागा न सोडता. आकडे अर्थात इंग्रजी अंकांत.

प्रिंटरच्या अंगावरही एक मांडणी असते. अनेक लेझर प्रिंटरांत ट्रेमध्ये कोणता कागद आहे हे त्याच्या स्वतःच्या मेनूत ठरवलेले असते. संगणकाकडून ए४ चे काम आले आणि ट्रेची नोंद लेटर असली, की यंत्र थांबते आणि दिवा लुकलुकत राहतो. कागद तर समोर भरलेला दिसत असतो, त्यामुळे माणूस गोंधळतो. मेनूत ट्रेचे माप ए४ करा आणि ट्रेमधल्या सरकत्या पट्ट्या कागदाला टेकवा.

दस्तऐवजाच्या आतले माप

पीडीएफ फाईल आपले माप आत घेऊनच येते. उबुंटूच्या दस्तऐवज-दर्शकात ‘प्रॉपर्टीज’ उघडले की कागदाचे माप दिसते. टर्मिनलमध्ये ‘पीडीएफइन्फो’ आणि फाईलचे नाव दिले तर पॉइंटमध्ये येते. ए४ म्हणजे सुमारे ५९५ × ८४२, लेटर म्हणजे ६१२ × ७९२. फाईल ए४ असून छपाई कापली गेली तर दोष खालच्या थरांत आहे. फाईलच लेटर असेल तर ती बनवणाऱ्याकडे.

वेबपानाला मात्र स्वतःचे माप सहसा नसते. ब्राउझर छपाईच्या खिडकीत जे निवडलेले असेल ते धरतो आणि प्रत्येक प्रिंटरसाठी ते लक्षात ठेवतो. एखाद्या संकेतस्थळावरून थेट छापत असाल तर तिथला पेपर साइझ एकदा तपासून घ्या.

लिबर ऑफिसमध्ये ‘फॉरमॅट’ मेनूतल्या ‘पेज स्टाइल’मध्ये, ‘पेज’ या पानावर ए४ निवडा. हा बदल त्या एका दस्तऐवजापुरता असतो. कायमचा करायचा तर ए४ आणि हवे ते समास ठेवून एक कोरा दस्तऐवज तयार करा, ‘फाइल’ मेनूतून ‘टेम्प्लेट्स’मध्ये जाऊन तो टेम्प्लेट म्हणून जतन करा आणि तिथेच ‘सेट अॅज डिफॉल्ट टेम्प्लेट’वर खूण करा. त्यानंतरचा प्रत्येक नवा दस्तऐवज तसाच उघडेल. जुने आपोआप बदलणार नाहीत. ते एकेक उघडूनच दुरुस्त करावे लागतात. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये, ‘प्रिंट’ या विभागात कागदाचे माप जुळत नसेल तर इशारा देण्याची सोय आहे. ती चालू करून ठेवा.

कोर्टाच्या कामाला हे विशेष लागू. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत हिरव्या लेजर पेपरची, लीगल मापाची सवय जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये परिपत्रक काढून आपल्याकडे दाखल होणाऱ्या कागदांसाठी ए४ ठरवला, दोन्ही बाजूंना छपाई, डावी-उजवीकडे चार-चार सेंमी आणि वर-खाली दोन-दोन सेंमी समास. या समासांनी ए४ वर मजकुराला तेरा सेंमी रुंदी मिळते. तोच दस्तऐवज चुकून लेटरवर बांधला तर रुंदी साडेतेरा सेंमीच्या थोडी वर जाते आणि उंची जवळपास दोन सेंमीने घटते. ओळी वेगळ्या तुटतात, पाने सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक चुकतात. म्हणून माप पहिली ओळ टंकण्याआधी ठरवायचे, छापताना नव्हे. तुमच्या न्यायालयात कोणता कागद घेतला जातो ते तिथल्या कार्यालयात विचारूनच टेम्प्लेट बांधा आणि ए४ व लीगल अशी दोन वेगळी टेम्प्लेट्स ठेवा.

लाटेक वापरणाऱ्या प्राध्यापकांसाठी एवढेच: ‘आर्टिकल’सारखे मूळ वर्ग काही न सांगितल्यास लेटर धरतात, तेव्हा पहिल्या ओळीतच ‘ए४पेपर’ हा पर्याय द्या. घोस्टस्क्रिप्टही पुष्कळदा लेटर गृहीत धरते. त्याला मोठ्या अक्षरांत पेपरसाइझचे चल द्यावे लागते.

नकाशा छापताना

‘फिट टु पेज’ हा पर्याय बिनधोक वाटतो, कारण काही कापले जात नाही. सातबाऱ्यासारख्या मजकुराच्या कागदाला तो चालून जातो. गटाचा नकाशा किंवा मोजणीचा नकाशा यांना मात्र तो घातक आहे. ए४ चे पान लेटरमध्ये बसवायचे तर संगणक ते सुमारे ९४ टक्क्यांवर आणतो, प्रिंटरच्या कडांसाठी आणखीही लहान करतो. एकास हजार प्रमाणाच्या नकाशात शंभर मीटरचा धुरा शंभर मिमी लांब असतो. ९४ टक्क्यांवर छापला की तो ९४ मिमी होतो. कोपऱ्यात प्रमाण मात्र एकास हजारच लिहिलेले राहते. त्यावर पट्टी ठेवून कोणी बांधीची लांबी काढली तर सहा मीटर गायब. धुऱ्यावरून शेजाऱ्यांत वाद असेल तर असा कागद आगीत तेल ओतील.

म्हणून नकाशा छापताना स्केलच्या जागी ‘अॅक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडा आणि शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी स्वतः पट्टी लावा. नकाशावर मोजपट्टी काढलेली असेल तर ती मोजा. नसेल तर लिबर ऑफिस ड्रॉमध्ये ए४ पानावर नेमकी १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ती शंभर टक्क्यांवर छापा. दोन्ही रेघा पट्टीवर १०० मिमी भरल्या तर छपाई खऱ्या मापात होत आहे. दोन्ही सारख्याच कमी भरल्या तर कुठेतरी ‘फिट’ चालू आहे. ही फाईल डेस्कटॉपवर ठेवा. प्रणालीची नवी आवृत्ती टाकल्यावर, प्रिंटर बदलल्यावर किंवा तो काढून पुन्हा जोडल्यावर कप्समधली नोंद नव्याने तयार होऊ शकते, तेव्हा पहिले पान या फाईलचेच छापा.